स्तनाच्या पुनर्रचनेनंतर: कुठे दुखतं, का दुखतं, किती दिवस दुखतं

मे २०१३मध्ये अँजेलिना जोलीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून दोन्ही स्तन काढून नवे बसवून घेतल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून कुठल्याही अभिनेत्रीच्या स्तनाच्या कॅन्सरची बातमी आली की ‘पुनर्रचना’ हा शब्द पेपरात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. शुद्धीवर आल्यावर छातीत नळ्या असतात, पण थोड्याच दिवसांत नेहमीच्या आयुष्याकडे परतता येतं, असं जोलीने लिहिलं होतं. तिच्या बाबतीत ते खरंच असणार. पण तिला कॅन्सर झालेला नव्हता. तो होऊ नये म्हणून तिने स्तन काढून घेतले होते. केमो नाही, रेडिएशन नाही. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींची गाठ हाताला लागल्यावरच धावपळ सुरू झालेली असते. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढणं, केमो, रेडिएशन, मग कधीतरी पुनर्रचना. अशा बाईने जोलीचे दिवस वाचून आपले दिवस मोजले तर तिला उगाचच वाटतं की माझंच काहीतरी बिघडलंय.

‘किती दिवस दुखतं हो?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, कारण तिथे दुखणारी गोष्टच एक नसते.

नवा स्तन कशाचा, त्यावर दुखणं ठरतं

स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेला मॅस्टेक्टॉमी म्हणतात. त्या जागी पुन्हा आकार तयार करणं म्हणजे पुनर्रचना. ती त्याच भुलीत करतात, किंवा सगळे उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही. (नुसती गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून स्तन वाचवता आला असेल, तर यातलं बरंचसं लागूच होत नाही.)

एक रस्ता इम्प्लांटचा. सिलिकॉनचं इम्प्लांट त्वचेखाली किंवा छातीच्या स्नायूखाली बसवतात. जागा अपुरी असेल तर आधी एक्स्पांडर घालतात. ही एक रिकामी पिशवी. जखम भरल्यावर दर एक-दोन आठवड्यांनी तिच्यात सुईने सलाइन भरून त्वचा हळूहळू ताणतात आणि पुरेशी जागा झाली की दुसऱ्या, छोट्या शस्त्रक्रियेत कायमचं इम्प्लांट बसवतात.

दुसरा रस्ता आपल्याच अंगावरची कातडी, चरबी आणि कधी स्नायू वापरण्याचा. अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात. पाठीवरचा घेतला तर एलडी फ्लॅप, पोटावरचा घेतला तर ट्रॅम किंवा डीप. फ्लॅप जगतो तो रक्तावर, आणि हे ज्यांच्या हाताला माती लागलेली आहे त्यांना पटकन कळेल. दाब कलमात फांदी झाडाला जोडलेलीच ठेवून शेजारच्या मातीत वाकवतात. एलडी आणि नेहमीचा ट्रॅम तसा, आपली रक्तवाहिनी न तोडता फिरवून छातीवर आणलेला. डीप म्हणजे रोप मुळासकट काढून दुसऱ्या वाफ्यात लावणं. त्यात पोटाचा स्नायू जागेवर ठेवतात. फक्त कातडी-चरबी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सोडवून घेतात आणि त्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडतात. सहा-आठ तास सहज जातात. रोपाने तग धरला की मान टाकली हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतं, तसंच इथेही.

दुखण्याचा हिशेब इथूनच सुरू होतो. इम्प्लांटला जखम एक, फ्लॅपला दोन. आणि बायकांना चकित करणारी गोष्ट ही की पुष्कळदा छातीपेक्षा पाठ किंवा पोटच जास्त दुखतं, कारण छातीवरची त्वचा बधिर झालेली असते.

‘दुखतंय’ म्हणजे नक्की काय होतंय?

पहिलं साधं जखमेचं दुखणं. कापल्या-शिवल्याचं. दोन-तीन दिवस जोरात, मग दोनेक आठवड्यांत उतरत जातं. पॅरासिटॅमॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या इथे चांगलं काम करतात.

दुसरं स्नायूचं. इम्प्लांट किंवा एक्स्पांडर स्नायूखाली असेल तर छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, मधूनच पेटका येतो. सलाइन भरून आल्यावर एक-दोन दिवस हे वाढतं. गंमत म्हणजे सुई टोचलेली अनेकींना धड कळतही नाही, पण रात्री कुशीवर वळवत नाही. यावर जखमेच्या गोळ्यांचा परिणाम मर्यादित असतो. डॉक्टर कधी स्नायू सैल करणारं औषध देतात, कधी पुढच्या वेळी सलाइन कमी भरतात. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं ना.

तिसरं नसांचं, म्हणजे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचं. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी कळ जाते. साडीचा पदर लागला तरी नको वाटतं. बरगड्यांमधून निघून काखेतून दंडाच्या आतल्या अंगाला जाणारी एक नस काखेतल्या गाठी काढताना ताणली किंवा कापली जाते. म्हणून दंड आतून बधिर होतो आणि तिथेच चुरचुरतोही. कापलेली नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने वाढते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अचानक खाज सुटली, करंट जाणवले, तर बहुधा ती नस जागी होतेय. या प्रकाराला गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांसारखी वेगळीच औषधं लागतात. पॅरासिटॅमॉल दुप्पट घेऊन नसेची आग शमत नाही, यकृतावर भार मात्र पडतो.

यात भर म्हणून साचलेलं पाणी काढायला ठेवलेल्या नळीच्या तोंडाशी टोचणं, हात न हलवल्याने आखडलेला खांदा, वाकून चालल्याने धरलेली कंबर. सगळं मिळून ‘दुखतंय’.

वॉर्डात राउंडला डॉक्टर विचारतात, “कसं आहे, मावशी?” मावशी म्हणतात, “बरं आहे.” डॉक्टर पुढच्या कॉटकडे वळतात आणि मग मुलगी सांगते की आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नाही. दुखणं अंगावर काढणं हा आपल्या घरांतून बाईचा गुण म्हणून वाखाणला गेलाय. या शस्त्रक्रियेत तो सरळ नुकसान करतो. दुखतं म्हणून खोल श्वास घेतला नाही तर छातीत कफ साठतो, चाललं नाही तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, हात उचलला नाही तर खांदा धरतो. शिवाय पहिल्या दिवसांतलं दुखणं नीट आटोक्यात न आलेल्यांमध्ये ते पुढे रेंगाळण्याचं प्रमाण जास्त आढळतं. तेव्हा सांगायचं, आणि सांगताना जागा, प्रकार आणि वेळ तिन्ही सांगायचं: “काखेत आग होते, पहाटे जास्त, पदर लागला की.” एवढ्या एका वाक्यावर औषध बदलतं.

पहिले तीन दिवस

भूल देतानाच छातीच्या किंवा पाठीच्या नसांभोवती सोनोग्राफीवर पाहून बधिर करणारं औषध सोडतात. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. त्यामुळे पहिली रात्र पुष्कळ सुसह्य जाते. ब्लॉक उतरला की मात्र दुखणं एकदम वर येतं, म्हणून गोळी ‘दुखल्यावर’ घेण्याऐवजी घड्याळाप्रमाणे घ्यायची. आपल्या रुग्णालयात ब्लॉक देतात का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारायला हरकत नाही. तो प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नाही.

डीप झालं असेल तर पहिले एक-दोन दिवस नर्स जवळपास तासातासाला उठवते. फ्लॅपचा रंग बघते, हात लावून ऊब बघते, बोटाने दाबून गुलाबीपणा परत येतो का बघते, डॉपलरचं छोटं यंत्र लावून रक्ताचा आवाज ऐकते. झोपमोड होते, चिडचिड होते. पण रक्तवाहिनी तुंबली तर ती काही तासांच्या आत उघडावी लागते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप, त्वचा, टाके सगळंच धोक्यात येतं. ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं तर आपल्याकडची बाई खरेपणाने नाही म्हणते. मशेरी लावते हे ती सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ती बंद व्हायला हवी आणि नंतर जखम भरेपर्यंत पुन्हा सुरू होता कामा नये.

‘एवढ्या गोळ्या? सवय लागेल!’

हा आक्षेप बहुधा नवऱ्याचा किंवा सासूबाईंचा असतो. पॅरासिटॅमॉलची सवय लागत नाही. त्याला मर्यादा मात्र आहे: निरोगी प्रौढाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. चूक होते ती जोडगोळ्यांत. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटॅमॉल असतंच. त्यावर तापाची म्हणून वेगळी गोळी घेतली की बेरीज वाढते. सूज उतरवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंड आणि जठराला बाधू शकतात, म्हणून त्या मनाने वाढवू नयेत.

ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन गटातली औषधं थोडे दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतली तर बहुतेकांना अडचण येत नाही. ती लांबवत नेली तर येऊ शकते. २०१८पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, त्यामुळे केमिस्टने चिठ्ठी मागितली तर तो अडवणूक करत नाहीये. या औषधांचा खरा रोजचा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. पोटावर टाके असताना कुंथणं ही शिक्षाच. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं सौम्य औषध मागून घ्यावं, पाणी भरपूर प्यावं.

ड्रेन: सर्वांत कटकटीचा पाहुणा

छाती, काख, पोट किंवा पाठ इथे साचणारं पाणी बाहेर काढायला बारीक नळ्या ठेवतात. टोकाला हवा दाबून काढलेला डबा असतो, तो पाणी ओढून घेतो. डबा लोंबकळू दिला की नळी टाक्याला ओढते आणि तिथे कळ येते. निम्मं दुखणं तिथलंच असतं. झबल्याला शिवतात तसा नाडीचा कापडी बटवा करून गळ्यात अडकवला, किंवा गाउनला आतून खिसा लावून घेतला, की बरंच सुकर होतं. गाउन पुढून बटणांचा हवा. डोक्यावरून घालायचं काहीही महिनाभर कपाटात.

रोज ठरावीक वेळी, हात साबणाने धुऊन, डबा मोजपात्रात रिकामा करायचा, आकडा वहीत लिहायचा, डबा पुन्हा दाबून झाकण लावायचं. पाणी आधी लालसर, मग फिकट गुलाबी, मग गवती पिवळं होत जातं. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली सलग एक-दोन दिवस आलं की नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, कुणाची तीन आठवडे राहते. काढताना पाच सेकंद विचित्र सरसर जाणवते, बस. नंतरही पाणी साचू शकतं, विशेषतः एलडी फ्लॅपनंतर पाठीत. याला सिरोमा म्हणतात. कुल्ल्यापर्यंत डुचमळणारं काहीतरी लोंबतंय असं वाटलं तर घाबरू नये, दवाखान्यात सुईने काढतात.

पोटावरून घेतलं असेल तर

पोटाची कातडी ओढून शिवलेली असते. त्यामुळे पलंगाचं डोकं उंच आणि गुडघे वाकलेले अशा स्थितीत झोपावं लागतं आणि पहिले आठ-पंधरा दिवस वाकूनच चालावं लागतं. ‘ताठ चाल’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला नम्रपणे गप्प करावं. उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटत उठायचं. खोकला, शिंक, हसू आलं तर उशी पोटावर घट्ट धरायची. कोचात रुतून बसणं टाळावं आणि कमोड नसेल तर शस्त्रक्रियेआधीच कमोडची खुर्ची आणून ठेवावी. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं या काळात जमत नाही, आणि हे डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी लक्षात येणं फार वाईट.

सहा आठवडे दोन-तीन किलोंच्या वर उचलायचं नाही. भरलेला पाच लिटरचा कुकर, पाण्याची कळशी, गहू दळायला नेण्याचा डबा, नातवंड, सगळं यात आलं. पोळ्या लाटणं म्हणजे छातीच्या आणि दंडाच्या स्नायूंना सततचा रेटा, ओल्या चादरी पिळणं त्याहून जास्त. इम्प्लांटवाली साधारण तीन-चार आठवड्यांत आणि फ्लॅपवाली सहा ते आठ आठवड्यांत रोजची कामं उचलू लागते, पण दमणूक त्यानंतरही बरेच दिवस राहते. लोकलच्या गर्दीत छातीवर कोपर बसण्याची शक्यता आहे तोवर ऑफिस लांबवता आलं तर लांबवावं.

हात मात्र बांधून ठेवायचा नाही. ड्रेन असेपर्यंत खांद्याच्या उंचीपर्यंत, नंतर फिजिओथेरपिस्ट सांगतील तसं भिंतीवर बोटं चढवत वर. वेणी घालता येणं ही चांगली मोजपट्टी आहे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर सूज येऊ शकते, कधी काही वर्षांनीही; बांगड्या पूर्वीसारख्या चढेनात हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं.

जिथे दुखत नाही, तिथे जास्त जपा

नव्या स्तनावर, आणि पोटावरून घेतलं असेल तर बेंबीखालच्या पट्ट्यातही, त्वचा बधिर असते. काही महिन्यांनी थोडी जाणीव परतते, पूर्वीसारखी बहुधा नाही. आता आपल्या घरातला हमखास उपाय आठवा: दुखतंय? शेक घे. बधिर त्वचेवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका कळत नाही, आणि थेट भाजल्याचे फोड दिसतात. फ्लॅपच्या त्वचेला भाजण्याची, आणि ती जखम सावकाश भरण्याची, उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बर्फाचंही तेच. तेव्हा पिशवी नाही, शेगडी नाही, पाठीवरून पुढे येणारा हीटिंग पॅडही नाही. आंघोळीचं पाणी दुसऱ्या हाताने तपासायचं.

तीन महिने उलटले तरी?

जखम भरल्यावरही तीन महिन्यांच्या पुढे राहिलेल्या दुखण्याला डॉक्टर स्वतंत्र आजार मानतात. डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या तीन हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी २००९मध्ये प्रसिद्ध झाली. दोन-तीन वर्षांनंतरही त्यांतल्या ४७ टक्के स्त्रियांना काही ना काही दुखत होतं, आणि दुखणाऱ्यांपैकी १३ टक्के जणींना तीव्र. तरुण वय, काखेतल्या गाठी पूर्ण काढणं आणि रेडिएशन यांत प्रमाण जास्त होतं. म्हणजे ‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर ते चूक आहे, मग ते पांढऱ्या कोटातून आलेलं का असेना.

उपाय आहेत. नसांची औषधं, व्रणाला हळूहळू चोळणं, मऊ ते खरखरीत कापड फिरवून त्वचेला स्पर्शाची सवय लावणं, खांद्याचे व्यायाम, कधी पुन्हा ब्लॉक. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत वेदनेसाठी वेगळी ओपीडी असते. तिथे जायला कॅन्सर ‘शेवटच्या टप्प्यात’ असावा लागत नाही. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनविरोधी गोळी) चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी नैराश्यावरच्या गटातली काही औषधं त्याच्या कामात आड येतात. त्याच कामासाठीची लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही गोळी चालू असेल आणि सकाळी बोटं, गुडघे आखडत असतील, तर दोषी बहुधा ती गोळी असते, शस्त्रक्रिया नव्हे. इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जाऊन स्तन घट्ट, दुखरा झाला तर त्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. रेडिएशन झालेल्यांत हे जास्त दिसतं.

दुसऱ्या बाजूला, काही गोष्टींत उद्याची वाट बघायची नसते. फ्लॅप निळा-जांभळा किंवा पांढरा-थंड पडला, एकाच बाजूला झपाट्याने सूज आली, १०० अंशांच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, ड्रेनमध्ये घाण वासाचं पाणी, एका पोटरीत दुखून सूज, किंवा श्वास लागणं. रात्री दोन वाजले असले तरी फोन करा.

‘नव्या स्तनामागे कॅन्सर लपला तर?’

पुनर्रचनेनंतर कॅन्सर परत उद्भवलाच तर तो बहुतेक वेळा त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली असतो, हाताला लागतो. पुनर्रचनेमुळे तो उशिरा सापडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. इम्प्लांटशी संबंधित एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) आहे, मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला. त्याच कारणाने २०१९मध्ये एका कंपनीने तशी इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. आपल्याला कोणतं बसवलंय त्याचं कार्ड फाइलमध्ये जपून ठेवावं. एक्स्पांडर आत असताना एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावं, कारण अनेक एक्स्पांडरमध्ये चुंबक असतो.

‘या वयात कशाला हे चोचले?’

पासष्टीतली बाईही पुनर्रचना करून घेऊ शकते, वय एवढंच कारण आड येत नाही. मधुमेह, वजन, हृदय बघतात. आणि पस्तिशीतली बाई नको म्हणू शकते. सपाट छातीने, किंवा ब्रामध्ये कृत्रिम स्तन घालून, उत्तम जगणाऱ्या पुष्कळ आहेत. जास्तीचं दुखणं आणि जास्तीच्या शस्त्रक्रिया सोसायच्या की नाही, हा हिशेब जिचं शरीर आहे तिनेच मांडावा. माझ्या मते डॉक्टरांनीही दोन्ही बाजू सारख्याच आवाजात सांगायला हव्यात, तसं नेहमी होत नाही.

‘प्लास्टिक सर्जरीला विमा मिळत नाही’ हे मात्र अर्धसत्य आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीला वगळणारं प्रमाणित कलम असतं, संकेतांक ‘एक्स्क्ल०८’. त्याच कलमात अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद लिहिलेला आहे. म्हणून पूर्वमंजुरीच्या अर्जावर आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘प्लास्टिक सर्जरी’ असू नये. स्तनाच्या कॅन्सरनंतरची पुनर्रचना असं निदानासकट लिहून घ्यावं, आणि दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला याचं लेखी उत्तर मागावं.